पाचवी ते बारसं: तान्ह्या बाळाच्या हृदयाचं ऑपरेशन

हृदय चोवीस तास रक्तानं भरलेलं असतं, तरी त्याला स्वतःला त्यातलं रक्त घेता येत नाही. आतला अगदी पातळ थर सोडला तर हृदयाच्या भिंतीला लागणारं रक्त बाहेरून, दोन बारीक वाहिन्यांमधून यावं लागतं. धरणाला लागून असलेलं गाव टँकरवर जगतं, तसंच हे. या दोन वाहिन्या महाधमनीच्या बुडाशी फुटतात आणि हृदयाला वेढून बसतात, म्हणून त्यांचं नाव कोरोनरी. कोरोना म्हणजे मुकुट, हे आता सगळ्यांना माहीत आहे, वेगळ्या कारणानं का होईना.

ब्लॉकेज, स्टेंट, बायपास हे शब्द आपल्याकडे किराणा दुकानातही ऐकू येतात. ते सगळे याच वाहिन्यांचे. पण तान्ह्या बाळाचा विषय निघाला की 'हृदयाला होल आहे' याच्या पुढे बोलणं जात नाही. होल हा सगळ्यांत जास्त आढळणारा दोष खरा, आणि त्यातली बरीच छोटी होल आपोआप बुजतातही. मला इथे दुसऱ्याच दोन दोषांबद्दल सांगायचंय. त्यांत सर्जनला बाळाची कोरोनरी एका जागेवरून सोडवून दुसऱ्या जागी लावावी लागते. नवजात बाळाचं हृदय वीस-पंचवीस ग्रॅमचं, आणि त्यावरची कोरोनरी जेमतेम एक-दोन मिलिमीटरची.

दोन शून्यं

आधी नेहमीच्या हृदयाची रचना पाहू. चार कप्पे: वरचे दोन रक्त जमा करणारे, खालचे दोन रक्त ढकलणारे. शाळेत आपण त्यांना कर्णिका आणि जवनिका म्हणून पाठ केलं होतं. अंगभर फिरून आलेलं, ऑक्सिजन संपलेलं रक्त उजव्या बाजूला येतं, तिथून फुप्फुसधमनीतून फुप्फुसांत जातं, ऑक्सिजन घेऊन डाव्या बाजूला परततं आणि महाधमनीतून पुन्हा अंगभर निघतं. सगळा प्रवास इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा. दोन वेढे, मध्ये फुली, आणि फुलीच्या जागी हृदय.

काही बाळांमध्ये गर्भाच्या सुरुवातीच्या आठवड्यांतच या दोन मोठ्या धमन्यांची जागा उलटी पडते. महाधमनी उजव्या खालच्या कप्प्यातून निघते आणि फुप्फुसधमनी डाव्या. आठाचा आकडा तुटून त्याची शेजारी शेजारी दोन शून्यं होतात. एका शून्यात ऑक्सिजन नसलेलं रक्त अंगातून हृदयात आणि हृदयातून पुन्हा अंगात फिरत राहतं. दुसऱ्या शून्यात ऑक्सिजननं भरलेलं रक्त फुप्फुसातून हृदयात आणि परत फुप्फुसातच जातं. भरलेली गाडी गोदामातून निघून गोदामातच परत येते आणि दुकान रिकामंच राहतं. डॉक्टर याला 'ट्रान्सपोझिशन' किंवा 'टीजीए' म्हणतात. हजार जन्मांमागे साधारण आठ-नऊ बाळांच्या हृदयात काही ना काही दोष असतो आणि अशा शंभर बाळांपैकी पाचेकांना हा.

पोटात असताना या बाळाला काहीच त्रास होत नाही. ऑक्सिजन वारेतून, नाळेवाटे येत असतो, फुप्फुसांना अजून काम नसतं. त्यामुळे बाळ तीन किलोचं, गुटगुटीत जन्मतं, रडतंही जोरात. जन्मानंतर ते जगतं ते दोन चोरवाटांवर. एक वाट वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातल्या छोट्या खिडकीची. दुसरी, महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांना जोडणाऱ्या एका नळीची. गर्भात प्रत्येक बाळाला या दोन्ही असतात आणि जन्मानंतर मिटणं हाच त्यांचा धर्म. नळी तर सहसा पहिल्या दोन-तीन दिवसांतच आकसते. आपल्याकडे पाचव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते म्हणतात. या बाळांचा निकाल बहुधा तिच्या आधीच लागत आलेला असतो.

म्हणून हा दोष वेळेत ओळखणं हीच अर्धी लढाई. पहिल्या दिवशी बाळाचे हात-पाय निळसर दिसणं नेहमीचं आहे, त्यानं घाबरू नये. ओठ आणि जीभ निळी दिसणं नेहमीचं नाही. सावळ्या बाळात तर निळेपणा नजरेतून सहज सुटतो, त्यातून प्रसूतिगृहात पिवळा बल्ब असेल तर बघायलाच नको. शिवाय हे बाळ नेहमी धापा टाकतंच असं नाही. कित्येकदा ते शांत पडून असतं, छातीला स्टेथोस्कोप लावला तर वेगळा आवाजही येत नाही आणि आजूबाजूचे म्हणतात, किती गुणी आहे. कोविडमुळे घराघरात पोचलेलं ते बोटाला लावायचं यंत्र, पल्स ऑक्सिमीटर, इथे डोळ्यांपेक्षा भरवशाचं. जन्मानंतर २४ तास उलटले की बाळाच्या उजव्या हाताला आणि एका पायाला ते लावायचं. आकडा ९५ किंवा वर आणि हाता-पायातला फरक तीनपेक्षा जास्त नसावा. ९० च्या खाली असेल तर वाट न बघता हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे टू-डी इको. मधला आकडा आला तर तासाभरानं पुन्हा मोजायचं. काम पाच मिनिटांचं, सुई नाही, रक्त नाही. डिस्चार्जच्या कागदावर बाळाचं वजन लिहितात तसे हे दोन आकडे लिहिलेले नसतील, तर मागून घ्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

दोष कळला की पहिलं काम, मिटत चाललेली नळी उघडी ठेवणं. त्यासाठी प्रोस्टाग्लँडिन नावाचं औषध शिरेतून थेंबथेंब देतात. त्यानं कधी कधी बाळ श्वास घ्यायचं विसरतं, म्हणून दुसऱ्या गावी हलवताना सोबत श्वासाची सोय असलेली अँब्युलन्स आणि जाणकार माणूस लागतो. दुसरं काम खिडकी मोठी करणं. १९६६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विल्यम रॅशकिंड यांनी एक युक्ती काढली. मांडीच्या किंवा बेंबीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची, खिडकीपलीकडे गेल्यावर तिच्या टोकाचा फुगा फुगवायचा आणि एका झटक्यात मागे ओढायचा. पडदा फाटतो, दोन शून्यांमधलं रक्त मिसळू लागतं आणि समोरच्या स्क्रीनवर ऑक्सिजनचा आकडा चढताना दिसतो. आजही हेच करतात, अनेकदा काचेच्या पेटीशेजारीच, इकोवर बघत बघत. यानं दोष जात नाही, फक्त काही दिवस मिळतात.

कोरोनरी आडवी आली

धमन्या उलट्या आहेत तर कापून सुलट्या लावाव्यात, हे कुणालाही सुचेल. हा दोष स्कॉटिश डॉक्टर मॅथ्यू बेली यांनी १७९७ मध्येच लिहून ठेवला होता. पण कापून लावणं जमायला १९७५ उजाडलं. मोठ्या धमन्या जोडणं त्यातल्या त्यात सोपं होतं. अडलं ते कोरोनरीपाशी. त्या महाधमनीच्या बुडाला असतात. महाधमनी वरून कापून पलीकडे नेली तर कोरोनरी जुन्या बुंध्यालाच राहतात. तो बुंधा आता फुप्फुसांकडे जाणाऱ्या वाटेचा झालेला, त्यात दाब कमी आणि रक्त निळं. हृदयाच्या स्नायूला तेवढ्यावर भागत नाही. मग कोरोनरीही उचलून न्याव्या लागणार, आणि एवढ्या बारीक नळ्या शिवायच्या कशा?

टोरांटोच्या विल्यम मस्टर्ड यांनी १९५० च्या दशकात तसे प्रयत्न केले. तेव्हा हार्ट-लंग मशीन, म्हणजे ऑपरेशन चालू असताना हृदय-फुप्फुसांचं काम करणारं यंत्र, बाल्यावस्थेत होतं, म्हणून रक्तात ऑक्सिजन मिसळायला त्यांनी चक्क माकडाची फुप्फुसं वापरली होती. बाळं वाचली नाहीत. मग सर्जन लोकांनी कोरोनरीला हातच लावायचा नाही असं ठरवून दुसरी वाट काढली. आधी स्वीडनचे ओके सेनिंग आणि नंतर १९६३ मध्ये मस्टर्ड यांनीच, धमन्या तशाच ठेवून वरच्या कप्प्यांत आडव्या भिंती घातल्या आणि येणारं रक्तच उलटीकडे वळवलं. दोनदा उलटं म्हणजे सुलटं, असा हिशेब. त्यावर हजारो मुलं जगली, मोठी झाली, नोकरीला लागली. पण हिशेबात एक उधारी राहिली. फुप्फुसांपुरता बांधलेला उजवा कप्पा आयुष्यभर सगळ्या अंगाला रक्त पुरवत राहिला आणि ऐन तारुण्यात थकू लागला. ठोक्यांची लयही बिघडायची.

१९७५ मध्ये ब्राझीलच्या साओ पाउलोत अदिब जातेने यांनी तो डाव बदलला. लेबनॉनहून आलेल्या कुटुंबातला हा मुलगा ॲमेझॉनच्या जंगलाजवळच्या एका लहान गावात जन्मला. पुढे तो सर्जन झाला, उपकरणं स्वतः बनवू लागला आणि नंतर देशाचा आरोग्यमंत्रीही झाला. त्यांनी कोरोनरी नुसती कापली नाही. तिच्या तोंडाभोवतीचा महाधमनीच्या भिंतीचा छोटा गोल तुकडाही सोबत काढला. शर्टाचं बटण आजूबाजूच्या कापडासकट कापून घ्यावं, तसं. सर्जन या तुकड्याला बटणच म्हणतात. आता टाके मिलिमीटरभर नळीच्या कडेला घालायचे नव्हते, भोवतीच्या कापडाला घालायचे होते.

आज हे ऑपरेशन साधारण असं चालतं. छातीचं हाड मधोमध उघडतात. बाळाचं सगळं रक्त मिळून एक पेलाभर, पाव लिटरच्या आसपास, त्यामुळे हार्ट-लंग मशीनच्या नळ्या भरायलाच दात्याचं रक्त लागतं. मशीन सुरू झालं की बाळाला थंड करतात आणि पोटॅशियमचं थंड द्रावण देऊन हृदय थांबवतात. मग दोन्ही धमन्या आडव्या कापायच्या, दोन्ही बटणं सोडवायची आणि शेजारच्या बुंध्यात, जो आता महाधमनीचा बुंधा होणार, तिथे शिवायची. दोरा केसाहून बारीक. डोळ्याला भिंग लावलेलं. बटणं काढल्यानं पडलेली भोकं हृदयावरच्या आवरणाच्या तुकड्यानं बुजवतात. फुप्फुसधमनी महाधमनीच्या पुढे आणून जोडतात. ही क्लृप्ती १९८१ मधली, फ्रान्सच्या इव्ह लकाँत यांची. तिच्यामुळे मध्ये कृत्रिम नळी घालावी लागत नाही आणि बाळाबरोबर जोडही वाढतो.

सगळा जीव अडकतो तो पुढच्या मिनिटात. महाधमनीला लावलेला चिमटा सोडला, रक्त आत आलं. आता कोरोनरी कुठे वळली, ताणली किंवा दाबली गेली असेल, तर बागेच्या पाइपला पीळ पडावा तसं होतं आणि तेवढ्या भागातला स्नायू काळपट दिसतो. ईसीजीची रेघही बदलते. मग टाके उसवून पुन्हा. प्रत्येक बाळाच्या कोरोनरीची मांडणीही सारखी नसते. तीनातल्या दोघांत ती नेहमीची असते, बाकीच्यांत फांद्या भलतीकडून निघतात. सगळ्यांत अवघड तेव्हा, जेव्हा वाहिनी काही अंतर महाधमनीच्या भिंतीच्या आतूनच जाते. बाहेरून ती दिसतच नाही. तरीही अनुभवी केंद्रांत आज शंभरातली ९५ हून जास्त बाळं या ऑपरेशनमधून सुखरूप घरी जातात.

तालीम

मग घाई कशाची? बाळ जरा वजन धरेल, महिना-दोन महिन्यांनी करू, असं आजी म्हणते आणि एरवी तिचं बरोबरही असतं. इथे नाही. या बाळाचा डावा खालचा कप्पा फुप्फुसांकडे रक्त ढकलतो आणि जन्मानंतर फुप्फुसांतला दाब झपाट्यानं उतरतो. काम हलकं झालं की स्नायू उतरतो. आखाडा सोडलेल्या पैलवानासारखं. दोन-तीन आठवड्यांत त्याची भिंत पातळ होते आणि मग त्याला एकदम सगळ्या अंगाचा भार दिला तर तो तिथेच मान टाकतो. १९८० च्या दशकात बोस्टनच्या आल्दो कास्तानेदा यांनी पहिल्या काही दिवसांतच ऑपरेशन करून दाखवलं आणि तोच प्रघात झाला. पाचवी झाली की बारशाच्या आसपास ऑपरेशन, असं धरून चाला. बारसं नंतर घालता येतं.

आपल्याकडे उशिरा पोचणारी बाळं अजूनही येतात. त्यांच्यासाठी लंडनच्या मगदी याकूब यांनी १९७० च्या दशकात सुचवलेला मार्ग आहे. आधी छोटं ऑपरेशन करून फुप्फुसधमनीला पट्टी आवळायची, म्हणजे डाव्या कप्प्याला जोर लावावा लागतो. ही त्याची तालीम. अंगात पुरेसं बळ आलं की मग मोठं ऑपरेशन. टीजीएसोबत खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात मोठं होल असेल तर डाव्या कप्प्याला दाब मिळत राहतो, त्यामुळे थोडी सवड असते. एरवी मोठं होल म्हणजे वाईट बातमी, इथे मात्र तेच होल बाळाला वेळ मिळवून देतं.

पोटदुखी समजलेला हार्ट अटॅक

दुसरा दोष बराच दुर्मीळ, साधारण तीन लाख जन्मांत एक. पण तो इतका फसवा आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही. यात मोठ्या धमन्या जागच्या जागी असतात. फक्त डावी कोरोनरी महाधमनीऐवजी फुप्फुसधमनीतून निघते. इंग्रजी अक्षरं जोडून डॉक्टर याला 'अल्कापा' म्हणतात. १९३३ मध्ये बोस्टनच्या ब्लँड, व्हाइट आणि गार्लंड या तिघांनी एका तान्ह्या बाळात याची लक्षणं नेमकी टिपली, म्हणून त्यांच्या नावानंही तो ओळखला जातो.

जन्मल्यावर काही दिवस फुप्फुसधमनीत दाब चांगला असतो, त्यामुळे चुकीच्या जागेवरूनही कोरोनरीला रक्त मिळतं. पुढच्या आठवड्यांत दाब उतरतो, आणि गंमत म्हणावी की क्रूरपणा, प्रवाहच उलटतो. उजव्या कोरोनरीतून आलेलं चांगलं रक्त डावीत शिरतं आणि स्नायूत न जाता फुप्फुसधमनीत निसटून जातं. उतारावरच्या शेतात पाणी सोडावं आणि ते बांध फोडून ओढ्याला मिळावं, तसं. डाव्या कप्प्याचा स्नायू उपाशी राहतो. दोन-तीन महिन्यांच्या बाळाला अक्षरशः हार्ट अटॅक येतो.

बाळाला छातीत दुखतंय हे सांगता येत नाही. दोन घोट दूध प्यायलं की ते थांबतं, कपाळावर घाम फुटतो, पांढरंफटक पडतं, कण्हल्यासारखं रडतं आणि थोड्या वेळानं पुन्हा शांत. दूध पिणं हा त्याच्यासाठी जिना चढण्याइतका व्यायाम असतो. घरात मात्र बेंबीभोवती हिंग लावला जातो, मीठ-मोहरीनं दृष्ट काढली जाते, गुटीतलं जायफळ वाढवलं जातं. यात कुणाची चूक काढण्यात अर्थ नाही, कारण पोटदुखीनं रडणारी बाळं हजारो आणि हे एखादंच. फरक घामाचा आणि वजनाचा. पोटदुखीचं बाळ रडून लाल होतं आणि वजन धरतं. हे बाळ फिकट पडतं, पिताना घामेजतं आणि वजनाचा काटा हलत नाही.

छातीचा एक्स-रे काढला तर हृदय मोठं दिसतं. इथे दुसरा चकवा आहे: 'हृदयाचा स्नायू कमजोर आहे' असं निदान होऊन नुसती औषधं सुरू होऊ शकतात. साधा ईसीजी नीट पाहिला तर डाव्या बाजूच्या अटॅकच्या खुणा त्यात दिसतात. मग इकोत कोरोनरी नेमकी कुठून निघते हे मुद्दाम शोधावं लागतं. इलाज केला नाही तर यातली दहापैकी नऊ बाळं वर्ष पुरं करत नाहीत.

उपाय तोच, बटणाचा. डाव्या कोरोनरीचं तोंड फुप्फुसधमनीच्या तुकड्यासकट काढायचं आणि महाधमनीत शिवायचं. कोरोनरी तिथपर्यंत पोचतच नसेल, तर फुप्फुसधमनीच्या आतूनच तिच्यासाठी बोगदा करतात. थकलेलं हृदय लगेच सगळा भार पेलत नाही, म्हणून काही बाळांना ऑपरेशननंतर काही दिवस एक्मो यंत्रावर, म्हणजे हृदय-फुप्फुसांचं काम बाहेरून करणाऱ्या यंत्रावर, ठेवावं लागतं. पण पुढे जे होतं ते मला या सगळ्या विषयातलं सगळ्यांत नवलाचं वाटतं. मोठ्या माणसाचा मेलेला स्नायू परत येत नाही. बाळाचा बराचसा स्नायू मेलेला नसतो, उपासमारीत काम थांबवून बसलेला असतो. रक्त मिळालं की तो काही महिन्यांत जागा होतो. फुगलेलं हृदय आकसतं, या दोषात गळू लागलेली हृदयाची झडपही बहुतेक वेळा हात न लावता सुधारते.

ऑपरेशननंतर आई-बाबांना पहिल्यांदा आत सोडतात, तेव्हाची तयारी कुणी करून देत नाही. सूज कमी होईपर्यंत काही बाळांची छाती एक-दोन दिवस उघडीच, वरून पातळ आवरण लावून ठेवतात. ते ठरवून केलेलं असतं, काही बिघडलंय म्हणून नाही. व्हेंटिलेटरच्या नळीमुळे बाळ रडलं तरी आवाज येत नाही, फक्त चेहरा रडतो. आईनं दूध काढून ठेवत राहावं, नाकातल्या नळीनं त्याचे पहिले थेंब जातात.

खर्चाचं विचाराल तर महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया येतात. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही अंगणवाडी आणि शाळेतल्या तपासणीत सापडलेल्या मुलांना पुढे पाठवतात. होलच्या मुलांसाठी ही व्यवस्था मोलाची आहे. टीजीएचं बाळ मात्र अंगणवाडीपर्यंत थांबत नाही. त्याला प्रसूतिगृहातल्या नर्सनं किंवा त्याही आधी पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीनं हेरावं लागतं. त्या सोनोग्राफीत चार कप्पे व्यवस्थित दिसले म्हणून भागत नाही, टीजीएत ते व्यवस्थितच दिसतात. कप्प्यांतून निघणाऱ्या दोन धमन्या एकमेकींना ओलांडतात की समांतर जातात, हे बघितलं तर दोष कळतो. आधी कळला की बाळंतपणच हृदयाचं ऑपरेशन होणाऱ्या शहरात करता येतं.

१९८० च्या दशकात कोरोनरी हलवलेली बाळं आता चाळिशीत आहेत. त्यांच्यात फुप्फुसधमनीचा जोड अरुंद होणं, नव्या महाधमनीचा बुंधा रुंदावणं आणि क्वचित कोरोनरीचं तोंड आकसणं, हे तीन प्रश्न डॉक्टर शोधत असतात. म्हणून तपासणी आयुष्यभर, दर वर्षी-दोन वर्षांनी. ऑपरेशनच्या दिवशीचा सर्जनचा हस्तलिखित किंवा टाइप केलेला कागद, ज्यात कोरोनरी कुठून निघत होत्या आणि कुठे लावल्या याचं वर्णन असतं, तो डिस्चार्ज कार्डापासून वेगळा मागून घ्या, फोटो काढून ठेवा. तीस वर्षांनी दुसऱ्या शहरातला डॉक्टर सर्वांत आधी तोच मागेल.